कानू गोसाव्याची यायची चाल

बसा जवळ. ज्याची आई दारात उभी राहून हाक मारत असेल त्यानं आधी तिला ओ देऊन यावं, कारण ही गोष्ट हाकेचीच आहे.

फार वर्षांपूर्वी, आपल्या माचोळीला अजून गाडीवाट नव्हती आणि वरच्या पठारावर गुरांनी पाडलेल्या पायवाटाच काय त्या होत्या, तेव्हा गावात कानू गोसावी यायचा. अंगात भगवी कफनी, खांद्याला झोळी आणि हातात किंगरी. किंगरी म्हणजे काय, तर अर्ध्या नारळाची करवंटी, तिच्या एका अंगाला ताणलेलं चामडं, मागचं अंग उघडं, वर बांबूची दांडी आणि दांडीला ताणून बांधलेली घोड्याच्या शेपटीची तार. ती वाजवायचा गज धनुष्यासारखा वाकडा, आणि गजाला घुंगरं. गज फिरला की तार रडायची आणि घुंगरं हसायची. असं वाद्य दुसरं नाही.

पण माचोळीत ती किंगरी कधी वाजायची नाही.

त्याला कारण होतं. गोसाव्यांची गाणी सगळी जायची, म्हणजे घर सोडून जाण्याची. राजा राज्य सोडून गेला, राणी दारात उभी राहिली, आई रडली, राजानं मागं वळून बघितलं नाही. अशी ती गाणी. आणि माचोळीच्या ठकूबाईचा थोरला लेक असंच एक गाणं ऐकत बसला, आणि दुसऱ्या दिवशी जोग्यांच्या मागं निघून गेला. त्यानंही मागं वळून बघितलं नाही. तेव्हापासून ठकूबाईनं गावाला नियम घालून दिला. गोसाव्याला दारातून रिकामं पाठवायचं नाही, पाप लागतं. पण वाजवू पण द्यायचं नाही, पोरगं जातं.

म्हणून कानू दारात येऊन "अलख" म्हणाला की बाया लगबगीनं सूप घेऊन बाहेर यायच्या आणि आधीच सांगायच्या,

"वाढते बाबा, पर वाजवू नगंस."

एका हातानं सूप धरायच्या, दुसऱ्या हातानं कडेवरच्या पोराचा कान झाकायच्या. एक कान उघडा राहायचा तो आपल्या छातीशी दाबून धरायच्या. कानूला ते ठाऊक होतं. तो वेशीबाहेर थांबून गजाच्या घुंगरांना चिंधी बांधायचा आणि मगच गावात पाऊल टाकायचा. रागवायचा नाही. उलट हसायचा.

"सगळ्या मुलखात मला वाजवल्याचं दाणं मिळत्यात," म्हणायचा, "तुमच्या गावात न वाजवल्याचं. हितं माझं बोट तरी दुखत न्हाई."

"मग रोज ये की," ठकूबाई म्हणायची. "न वाजवायला काय जातंय तुझं."

कानूला आई माहीत नव्हती. त्याच्या आईनं कसला तरी नवस फेडायला त्याला दूधपित्या वयात जोग्यांच्या ओटीत घातला होता, असं म्हणतात. त्याला नाव दिलं गुरूनं, गाणी दिली गुरूनं, आणि किंगरी हातात देताना गुरूनं एक गोष्ट बजावून सांगितली. या किंगरीवर घरचं काही वाजवायचं नाही. अंगाई नाही, ओवी नाही, लग्नातलं नाही. ज्या किंगरीवर घर वाजलं ती जोग्याची उरत नाही, आणि ती धरणारा जोगी उरत नाही. कानूनं मान डोलावली. त्याला काय अवघड होतं? घरचं असं त्याला काही येतच नव्हतं.

आता ठकूबाईच्या घरातलं ऐका. थोरला गेला, पण धाकटा होता, आणि त्याची बायको गोजरा. गोजराची आधीची लेकरं जगली नव्हती. एक पोटात गेलं, एक पाचवीच्या आधी गेलं. मग हैबती झाला आणि तो जगला. तेव्हा गोजराचा जीव कसा असेल ते आईलाच कळावं. पोरगं झोपलं की ती त्याच्या नाकापुढं बोट धरून बघायची. शिंकलं तर ओवा, खोकलं तर काढा, आणि काहीच झालं नाही तर त्याचीच काळजी.

"अगं, पोरगं हाय ते, दिवा न्हवं," ठकूबाई म्हणायची. "सारखा आडोसा कशापायी धरतीस?"

पण म्हातारी स्वतःच पहाटे उठून नातवाच्या अंगावरची वाकळ सारखी करायची.

माचोळीत तेव्हा एक रीत होती आणि ती अजून आहे. तिन्हीसांजेला दिवा लागला की आई उंबऱ्यावर येते आणि पोराला हाक मारते. प्रत्येक आईची हाक वेगळी. कुणी नाव आधी लांबवते, कुणी शेवटाला. कुणाची हाक चढण चढते, कुणाची उतरते. आणि एकीची हाक दुसरीनं मारायची नाही. गोजराची हाक अशी होती, की "हैबूऽऽ" ही वर वर जायची, उंच झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसल्यासारखी थांबायची, आणि मग "ये रे घरीऽऽ" ही हळूहळू पायऱ्या उतरून खाली यायची. मध्ये जी थांबायची जागा होती, तिथं हैबती कुठंही असला तरी "आलोऽ" म्हणायचा. मग बाकीची हाक नुसती त्याला घरापर्यंत आणायला.

वेगळ्या हाकेलाही कारण होतं. आपल्या पठारावर धुई पडते. बाहेरची माणसं त्याला धुकं म्हणतात, पण धुकं म्हणजे सकाळचं, उन्हानं पळणारं. धुई पडली की पडली. हाताला हात दिसत नाही, आणि पठाराला तिन्ही बाजूंनी कडा. धुईत चकवा फिरतो असं म्हणतात. तो ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो, आणि ओ दिली की वाट चुकवून कड्यावर नेतो. म्हणून माचोळीचं पोर बोलायला लागलं की आई त्याला आधी हेच शिकवते. धुईत कुणी हाक मारली, बापानं मारली, चुलत्यानं मारली, तरी ओ द्यायची नाही. जिथं असशील तिथं गप्प बसायचं. फक्त माझ्या हाकेला ओ द्यायची, कारण आईची हाक चकव्याला येत नाही.

गोजरानं हैबतीला हे शंभरदा शिकवलं होतं, आणि हैबती गुणी पोरगा होता. त्यानं ते नीट ध्यानात ठेवलं होतं.

तर एकदा काय झालं. श्रावण सरत आला होता. कानू गावात येऊन दाणे घेऊन गेला आणि पठारावरून पलीकडच्या मुलखात निघाला. पठाराच्या त्या टोकाला भैरोबाचा दगड आहे, आपण तिथं नारळ फोडतो तोच. तिथं बसून कानू घुंगरांची चिंधी सोडायचा आणि स्वतःपुरतं वाजवायचा. तिथं ऐकायला भैरोबा आणि घारी. कुणाचं पोर जायची भीती नाही.

पण त्या दिवशी वारा गावाकडं होता. हैबती तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेल. परड्यात एकटा खेळत होता. आजवर किंगरी आली की त्याचे कान कुणी ना कुणी झाकले होते. त्या दिवशी ते उघडे होते. लांबून तार ऐकू आली, बारीक, जशी कुणी मांजराच्या पिल्लाला कुरवाळावं तशी. हैबती उठला आणि आवाजाच्या मागं चालायला लागला. परड्यातून रानात, रानातून चढणीला, चढणीवरून पठारावर. मग किंगरी थांबली, आणि धुई पडली.

गोजरा परड्यात आली तर पोरगं नाही.

मग गाव उठलं. हैबतीचा बाप पुढं, बाकीचे मागं, डबे बडवत आणि हाका मारत सगळे पठारावर चढले. "हैबतीऽ, ए हैबत्याऽ." कडा तो आवाज घ्यायचा आणि उलटा फेकायचा, मग धुईतून चारी बाजूंनी शंभर माणसं हाका मारल्यासारखं व्हायचं. आणि हैबती? तो ऐकत होता. असं म्हणतात की बाप त्याच्यापासून दहा पावलांवरून हाक मारत गेला. पण पोराला आईनं शिकवलेलं आठवत होतं. त्यानं करवंदीच्या जाळीत अंग चोरलं, तोंडावर हात ठेवला, आणि ओ दिली नाही.

गोजरा हाका मारत होती. ती पठाराच्या कडेला, खिंडीत उभी होती आणि सकाळपासून आपली ती हाक मारत होती. पण धुई ओल्या घोंगडीसारखी जड होती. हाक वर जायची आणि तिथंच भिजून पडायची. दुपार झाली, दुपार कलली. गोजराचा आवाज आधी चिरला, मग घोगरा झाला, मग नुसता वारा झाला, आणि मग तोंड उघडायचं पण बाहेर काही यायचं नाही. तरी ती हाक मारतच होती. ओठ हलायचे, मान वर जायची, थांबायची, खाली यायची.

ठकूबाईनं ते बघितलं.

"आपणच शिकवलंय त्याला," ती म्हणाली. "आता गावानं किती बी बोंबलू दे, त्यो ओ द्यायचा न्हाई. आन् जिच्या हाकेला दील तिला आवाज न्हाई."

वर पठारावर थंडी वाढत होती. तरसाचं ओरडणं ऐकू आलं म्हणून कुणी म्हणालं, आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं.

तेवढ्यात धुईतून कानू आला. धुईनं त्याला पुढची वाट सापडली नाही म्हणून तो माघारी फिरला होता. वर्षानुवर्षं तीच वाट, म्हणून पाय आपोआप उतरले. त्याला काही माहीत नव्हतं. आणि त्याच्या गजाच्या घुंगरांना चिंधी बांधायची राहून गेली होती. घुंगरं वाजली तशी माणसं वळली.

"ह्यानंच वाजवलं," एकजण म्हणाला. "सकाळी मी ऐकलं. ह्यानंच नेलं पोरगं."

दोघांनी त्याला दंडाला धरलं. कुणी म्हणालं किंगरी फोडा. कानूनं किंगरी छातीशी धरली, पण हात सोडवून घेतला नाही. काय झालं ते त्यानं ऐकलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

ठकूबाई येऊन त्याच्यापुढं उभी राहिली.

"एक लेक माझा असल्याच किंगरीनं नेला," ती म्हणाली. "आता नातू नेला. नेणारी तीच हाय तर आणंल बी तीच. वाजव. इतकी वर्सं वाजवू नगं म्हनलं, आता मी सांगती, वाजव."

कानू म्हणाला, "आई, माझ्याकडं सगळी जायाची गाणी हायती. यायाचं एक बी न्हाई. ह्यातलं कायबी वाजवलं तर पोरगं आनखी लांब जाईल."

"मग यायचं वाजव."

"मला कुनी हाकच मारली न्हाई कधी," कानू म्हणाला. "मला कसं येनार?"

 तेव्हा गोजरा पुढं आली. तिनं कानूच्या हातातून किंगरी घेतली. बाईनं गोसाव्याच्या किंगरीला हात लावायचा नसतो, पण तिला कुणी अडवलं नाही. तिनं करवंटी उलटी केली, तिचं उघडं तोंड आपल्या गळ्याशी नेऊन धरलं, डोळे मिटले, आणि आवाज नसलेली आपली हाक तिच्यात मारली. मान वर गेली, थांबली, खाली आली. पुन्हा. पुन्हा. घागरीत पाणी भरताना जसा आवाज बदलत जातो तशी ती करवंटी आधी बारीक गुणगुणली, मग भरत भरत जड झाली. असं म्हणतात की गोजरानं किंगरी परत दिली तेव्हा कानूचा हात खाली गेला, इतकं तिला वजन आलं होतं.

कानू तशीच ती धरून उभा राहिला. त्याला गुरूचे शब्द आठवत होते. ज्या किंगरीवर घर वाजलं ती जोग्याची उरत नाही, आणि ती धरणारा जोगी उरत नाही. हे वाजवलं तर पुन्हा जोग्यांच्या पंगतीला बसायला मिळणार नव्हतं, आणि दुसरी पंगत त्यानं कधी बघितलीच नव्हती. त्यानं गोजराकडं बघितलं. तिचे ओठ अजून हलत होते.

मग त्यानं गज लावला.

तार वर गेली. उंच झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसल्यासारखी थांबली. आणि पायऱ्या उतरून खाली आली. गजाची घुंगरं मागून आली, जशी बाईच्या हातातली काकणं. खिंडीत उभी असलेली सगळी माणसं दचकून गोजराकडं बघायला लागली, कारण ती हाक तिचीच होती, आणि तिचं तोंड मिटलेलं होतं.

कानू वाजवत वाजवत धुईत शिरला. एकदा वाजवायचा आणि थांबायच्या जागेवर थांबायचा, ओ येते का ऐकायला. मग पुढं. असं म्हणतात की ती चाल ऐकून जे जे हरवलं होतं ते सगळं निघालं. आधी एक गाय आली. मग ठकूबाईची मागल्या साली गेलेली म्हैस आली, आणि ती रेडकासकट आली. माळावर चुकलेल्या शेळ्या आल्या, घरट्याची दिशा चुकलेल्या पाकोळ्या आल्या आणि गजाभोवती फिरायला लागल्या. शेजारच्या वाडीची एक कोंबडी पण आली, आणि तिच्यावरून दोन गावांचं पुढं बरीच वर्षं भांडण चाललं. सगळी ती वरात किंगरीच्या मागं चालत होती. पण ज्याच्यासाठी वाजत होतं त्याची ओ येत नव्हती.

खाली गावात दिवे लागायची वेळ झाली. रोज या वेळेला गोजरा उंबऱ्यावर यायची. कानू भैरोबाच्या दगडाजवळ पोचला, कड्याच्या अगदी टोकाला, आणि त्यानं पुन्हा चाल धरली. वर गेला. थांबला.

त्या थांबण्यात करवंदीच्या जाळीतून बारीक आवाज आला.

"आलोऽ."

कानूनं चाल अर्धी सोडली नाही. पायऱ्या उतरून ती खालपर्यंत आणली, कारण पोराला घरापर्यंत आणायची ती बाकीची अर्धी असते. हैबती जाळीतून बाहेर आला, अंगभर ओरखडे, आणि त्यानं विचारलं,

"आई कुठं हाय?"

"हिच्यात हाय," कानू म्हणाला, आणि करवंटी त्याच्या कानाला लावली.

खिंडीत पोचले तेव्हा हैबती गाईची शेपटी धरून चालत होता आणि कानूचं वाजवणं चालूच होतं. गोजरानं पोराला उचललं. ती रडली, पण आवाज नव्हता म्हणून कुणाला ऐकू आलं नाही. ठकूबाई मात्र मोठ्यानं रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हशीनं रेडकू कुठल्या गावात केलं ते इचारलं पायजे." तेव्हा कुठं माणसं हसली.

गोजराचा आवाज पुढं परत आला, पण तो किंगरीसारखा घोगरा आला, आणि जन्मभर तसाच राहिला.

आणि कानूचं तेच झालं जे गुरूनं सांगितलं होतं. जोग्यांच्या टोळीला कळलं. त्यांनी त्याला शिव्या दिल्या नाहीत, मारलं नाही, फक्त त्याच्यासाठी पान मांडलं नाही. कानू झोळी घेऊन माचोळीच्या वेशीत येऊन उभा राहिला. घुंगरांना चिंधी बांधायला तो वाकला, तर ठकूबाईनं ती चिंधी त्याच्या हातातून घेतली आणि चुलीत घातली.

गावानं त्याला खिंडीत खोपटं बांधून दिलं. धुई पडली की कानू खोपट्यापुढच्या दगडावर बसून ती चाल वाजवायचा, आणि पठारावर जो कोणी असेल तो आवाजाच्या मागं येऊन खाली उतरायचा. गावचा असो की परगावचा. तेव्हापासून आपल्या कड्यावरून माणूस गेलं नाही, असं म्हणतात.

पुढं गावातल्या बाकीच्या बायाही यायला लागल्या. "बुवा, माझी बी घ्या की हाक." एकेक जण करवंटी गळ्याशी धरायची आणि आपल्या पोराची हाक तिच्यात घालायची. कानू ती चालीला जोडायचा. म्हणून ती चाल इतकी लांब आहे, आणि म्हणून तिच्यात सारखे चढ आणि उतार आहेत. परगावचे वाजंत्री ती ऐकून म्हणतात, हिला मेळ नाही. मेळ कसा असेल? ती एका बाईची नाही.

ठकूबाई सगळ्यांत शेवटी आली. तिनं थोरल्या लेकाची हाक घातली, इतकी वर्षं न मारलेली. कानूनं ती वाजवली. धुईतून ओ आली नाही. कानू मान खाली घालून बसला, तर म्हातारीच त्याला म्हणाली,

"तू कशाला तोंड पाडतोस? हाक मारणं आपल्याकडं. यायाचं का न्हाई ते ज्याचं त्यानं बघावं."

पण त्या दिवसापासून ठकूबाईनं सांजेला दार लावायचं सोडलं.

अशी खूप वर्षं गेली. ठकूबाई गेली. हैबतीला मिशा आल्या, लग्न झालं, लेकरं झाली. गोजरा म्हातारी झाली आणि कानू तिच्याहून म्हातारा. आणि एका वर्षी अशी धुई पडली की तशी कुणी बघितली नव्हती. पठारावर मिठाच्या बैलांचा तांडा अडकला होता, बाया-लेकरांसकट. कानूनं सकाळी गज धरला तो सांजेपर्यंत खाली ठेवला नाही. तांडा एकेक करून खाली आला. शेवटचा बैल आला, त्याच्या मागं त्याचा धनी आला, आणि किंगरी थांबली.

हैबती खोपट्याकडं धावला. दगडावर किंगरी होती, गज होता, घुंगरं अजून हलत होती. कानू नव्हता. कुणीतरी अजून वर राहिलंय असं वाटून तो धुईत गेला असेल, असं म्हणतात.

हैबतीनं किंगरी उचलली, पण त्याला वाजवता येईना. मग बाया आपापल्या उंबऱ्यावर आल्या, कारण दिवे लागायची वेळ होती आणि माणूस बाहेर होतं. आल्या खऱ्या, पण कुणाला हाक येईना. गावातल्या प्रत्येक पोराची हाक होती, परगावच्यांना बोलवायला पण चाल होती, आणि कानूची हाक कुणाकडं नव्हती. त्याला कुणी कधी हाक मारलीच नव्हती. तो नेहमी आपणच यायचा.

तेव्हा गोजरा उंबऱ्यावर उभी राहिली. तिनं आपल्या लेकाची हाक घेतली, जी दुसऱ्या कुणाला द्यायची नसते, आणि तिच्यातून लेकाचं नाव काढून तिथं त्याचं नाव घातलं. घोगऱ्या आवाजात ती वर गेली.

"कानूऽऽ."

थांबली. सगळं गाव थांबलं.

असं म्हणतात की पठारावरून ओ आली. म्हाताऱ्या माणसाची नाही. लहान पोराची.

"आलोऽ, आई."

मग सगळ्या बायांनी मिळून उरलेली अर्धी हाक मारली, "ये रे घरीऽऽ," आणि ती पायऱ्या उतरून खाली आणली. दारं उघडी टाकली. कोणी आलेलं दिसलं नाही. पण पहाटे उठून बघतात तर गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर ओल्या पावलांचे ठसे होते. सगळे आत आलेले. बाहेर गेलेला एकही नव्हता.

ती किंगरी आपल्या भैरोबाच्या देवळात आहे. तार कितीदा बदलली, गज नवा झाला, करवंटी तीच आहे. अजूनही श्रावण सरताना पहिली दाट धुई पडते त्या सांजेला माचोळीत कानूची हाक असते. तिला तिथी नाही, धुई सांगेल तो दिवस. हैबती पुढं ऐकलेल्या आठवणीवर ती चाल शिकला, आता त्याच्या वंशातला कोणी खिंडीत बसून ती वाजवतो, आणि बाया सूप घेऊन बाहेर येतात. पहिल्यासारखंच "वाढते बाबा" म्हणतात, पण पुढं म्हणतात, "आता वाजव." त्या वर्षी ज्या घरात बाळ झालं असेल तिथली आई करवंटी गळ्याशी धरून आपल्या बाळाची हाक तिच्यात घालते. मग सगळी गावभर उंबऱ्यावर उभं राहून हाका मारतात. पोरं पुण्याला असोत, मुंबईला असोत, हाक उंबऱ्यावरूनच मारायची, फोन मागाहून करायचा. त्या रात्री कुणी दाराला कडी लावत नाही आणि सकाळी बघितल्याशिवाय उंबरा झाडत नाही.

आणि पहिली हाक कानूची. आधी त्याला बोलवायचं, मग आपल्या पोराला.

मी या गावात सून म्हणून आले आणि यंदा माझी लेक सव्वा महिन्याची होती. तिला छातीशी धरून मी उंबऱ्यावर उभी होते. धुई दारापर्यंत आली होती आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी शेजारच्या आजींना विचारलं, आपलं पोर आधी का नाही घ्यायचं?

आजी म्हणाल्या, "आपल्या पोराला हाक मारायला आपण हाय की, बाळा."

मग आम्ही सगळ्यांनी धुईकडं तोंड केलं आणि कानूला हाक मारली, आणि थांबायच्या जागेवर थांबलो.